बारा मुलं, बत्तीस पानं: हस्तलिखित अंकातून मुलांचा आत्मविश्वास कसा घडवावा

सातवी ते नववीच्या वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलं पुष्कळ असतात. 'तुला जमेल, घाबरू नकोस' असं त्यांना कितीही वेळा सांगितलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण त्या सांगण्याला मुलाच्या हाती पुरावा काही नसतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये 'आपल्याला हे जमेल' ही भावना कुठून येते याचे चार स्रोत मांडले: स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणं, लोकांचं बोलणं आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. त्यांतला सगळ्यात दमदार पहिला आणि कच्चा तिसरा. आपण मोठी माणसं मात्र नेमका तिसराच वापरत राहतो.

म्हणून इथे शिबिर, भाषण किंवा 'व्यक्तिमत्त्व विकासा'चा तास सुचवलेला नाही. एक काम सुचवलं आहे: मुलांनी मिळून काढलेला हस्तलिखित अंक. नाटक, भित्तिचित्र, लेझीम पथक यांतूनही हे साधतं. पण हस्तलिखितात लिहिणारा, काढणारा, विचारणारा, मोजणारा, शिवणारा अशा सगळ्यांना खरी जागा असते. मुख्य म्हणजे शेवटी हातात धरता येईल अशी वस्तू उरते, आणि तिच्यात प्रत्येकाचं अक्षर असतं.

किती मुलं, कधी, किती वेळ

बारा मुलं आणि दोन मोठी माणसं हे प्रमाण चांगलं. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले होते. 1913 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत दिसलं की गटात माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. मुलांच्या गटातही तेच होतं: वीस जण झाले की सहा जण काम करतात आणि चौदा जण बघतात. मुलं जास्त असतील तर दोन अंक काढा, एकाच अंकात सगळ्यांना कोंबू नका. उलट आठच्या खाली गेलात तर दोन जण आजारी पडल्यावर काम अडतं.

काळ निवडायचा तर 6 जानेवारी ते 27 फेब्रुवारी सोयीचा आहे. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून तो महाराष्ट्रात पत्रकार दिन. 27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. आठवड्याला एक अशा आठ बैठका मधल्या काळात बरोबर बसतात आणि प्रकाशनाची तारीख आपोआप ठरते. तारीख आधी ठरलेली असणं फार महत्त्वाचं आहे. 'झाला की प्रकाशित करू' म्हटलेला अंक होत नाही. दहावीच्या मुलांना या काळात घेऊ नका, परीक्षा तोंडावर असते. त्यांच्यासाठी जून-जुलै बरा.

बैठक दोन तासांची. सहाव्या आठवड्यापासून मधल्या वारी तासाभराची जादा बैठक ठेवा, कारण सुंदर अक्षरात उतरवण्याला अंदाजापेक्षा दुप्पट वेळ लागतो.

सामान

100 जीएसएमचे ए-4 आकाराचे पांढरे कागद शंभर. अंक बत्तीस पानांचा असला तरी एका पानामागे तीन कागद धरावे लागतात: एक मांडणीचा, एक बिघडणारा, एक अंतिम. चित्रांसाठी जाड ड्रॉइंगचे कागद पंधरा. पाण्याने न पसरणाऱ्या शाईची काळी पेनं, 0.5 मिमीची, बारा. जेल पेन टाळा. जेलची शाई सावकाश वाळते आणि डावखुऱ्या मुलाचा हात लिहिलेल्या ओळीवरूनच जातो, त्यामुळे त्याचं पान हमखास फरफटतं. मग 'माझं अक्षरच घाण' असं ते मूल म्हणतं. खरा दोष पेनाचा असतो. स्केचपेनही मजकुरासाठी नको, पलीकडे उमटतं.

बांधणीसाठी 2 मिमी जाडीचा पुठ्ठा, अर्धा मीटर मांजरपाट किंवा खादी, सवा मीटर जाड सुती दोरा, मेणबत्तीचा तुकडा, मोठी सुई, दाभण, पोलादी पट्टी आणि मैदा. खळीसाठी एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. पांढरटपणा जाऊन ती पारदर्शक दिसू लागली की उतरवा आणि पूर्ण गार झाल्यावरच वापरा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी आहे आणि मुलं खळीत बोटं घालतात. ते घालू नका. खळ लागेल तेवढीच करा, दुसऱ्या दिवशी ती आंबते.

हे सामान मोठ्यांनी आणून ठेवू नये. दोन मुलांना यादी आणि ठरलेले पैसे द्या, दोन दुकानांत भाव विचारायला सांगा, पावती आणि उरलेली रक्कम वहीत लिहू द्या. अनोळखी माणसाशी कामाचं बोलणं हा बऱ्याच मुलांसाठी मोठा टप्पा असतो, आणि इथे बोलायला ठोस कारण असतं.

पहिली बैठक: दीड तासात एक पूर्ण पुस्तक

पहिल्या दिवशी ओळख, नियम, उद्दिष्टं यांत वेळ घालवू नका. प्रत्येकाच्या हातून त्याच दिवशी काहीतरी पूर्ण झालं पाहिजे. एका ए-4 कागदाची आठ पानी चिमुकली पुस्तिका त्यासाठी उत्तम.

कागद आडवा धरा. लांबीच्या दिशेने मधोमध दुमडा, उघडा. आता रुंदीच्या दिशेने निम्मा दुमडा, तसाच परत निम्मा दुमडा आणि पूर्ण उघडा: आठ सारखे चौकोन दिसतील. पुन्हा एकदाच रुंदीच्या दिशेने निम्मा दुमडा. दुमडलेल्या कडेपासून मधल्या आडव्या घडीवरून कात्री चालवा आणि पहिली उभी घडी आली की थांबा. उघडल्यावर कागदाच्या पोटात एक चीर दिसेल. कागद लांबीच्या दिशेने दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. चीर फाकते, वरून पाहिलं तर अधिकचं चिन्ह होतं, आणि पानं एकाभोवती एक गुंडाळली की पुस्तिका तयार. न डिंक, न टाचणी.

इथे चूक होते ती कापण्यात. निम्म्याहून अधिक मुलं थांबायच्या घडीच्या पुढे कापतात आणि कागदाचे दोन तुकडे होतात. ते होऊ द्या. दुसरा कागद हातात द्या आणि ज्याचं बरोबर आलं त्याला शेजारच्याला दाखवायला सांगा. बांडुरांचा दुसरा स्रोत तो हाच: शिकवणाऱ्या ताईने केलेलं पाहून 'ताई हुशार आहे' असं वाटतं, शेजारच्या मुलाने केलेलं पाहून 'मलाही येईल' असं वाटतं.

पुस्तिकेत लिहायचं काय? 'माझ्या घरापासून शाळेपर्यंत लागणाऱ्या सात गोष्टी.' मुखपृष्ठ आणि सात पानं. एका पानावर एक वाक्य किंवा एक चित्र. बस्स. जाताना बारा पुस्तिका दोरीवर टांगा. वाचायला कुणालाही सांगू नका.

दुसरी बैठक: विषय आणि पानांचा नकाशा

'निसर्ग', 'माझी आई', 'पर्यावरण' असले विषय नकोत. त्यांवर मुलं पाठ्यपुस्तकातली वाक्यं लिहितात आणि सगळ्यांचं सारखंच येतं. चालत जाऊन पाहता येईल, विचारता येईल असा विषय घ्या: गावाचा आठवडी बाजार, एस. टी. स्टँड, गावातल्या विहिरी, वस्तीतली दुकानं, बंदरावरचा लिलाव. पुढची उदाहरणं आठवडी बाजाराची आहेत.

अंकाचे बत्तीस कागद, मजकूर एकाच बाजूला. जमिनीवर बत्तीस छोट्या चिठ्ठ्या ओळीने मांडा. बारा मुलांची प्रत्येकी दोन म्हणजे चोवीस पानं, चित्रांची चार, मुखपान, अनुक्रमणिका, संपादकीय आणि शेवटी 'हा अंक कुणी काढला' ते पान. प्रत्येक मूल आपल्या दोन चिठ्ठ्यांवर स्वतःचं नाव लिहितं. हा नकाशा भिंतीवर लावा. या क्षणापासून त्या दोन पानांचं मालक ते मूल. ते आलं नाही तर पानं कोरी राहतील, आणि हे त्याला दिसतं. 'आपल्यावाचून काही अडतं' ही जाणीव कौतुकाच्या दहा वाक्यांहून मोठी आहे.

लिखाणाशिवाय प्रत्येकाला निर्मितीतली दोन कामं: हिशेब, अक्षरलेखन, रेखाटन, मुद्रितशोधन, बांधणी, प्रकाशनाची व्यवस्था. प्रत्येक कामावर एका वेळी दोघं. एकटं मूल अडकलं की गप्प बसतं, दोघं असली की एकमेकांशी तरी बोलतात. ही वाटणी करताना डोळे उघडे ठेवा. न सांगता मुली नक्षीकामाला जातात आणि मुलगे बाजारात मुलाखती घ्यायला. ज्याचं अक्षर चांगलं त्याच्यावर सगळं लेखन पडतं. ज्याला चित्र 'येतं' त्यालाच चित्र मिळतं. म्हणजे आधीच आत्मविश्वास असलेल्यालाच आणखी मिळतो. उपाय साधा: एक काम आवडीचं आणि एक आजवर कधीच न केलेलं, असं प्रत्येकाने निवडायचं.

तिसरी बैठक: बाजारात

तिघांच्या चार तुकड्या. एक विचारतो, एक टिपतो, एक पाहतो आणि काढतो. दर वीस मिनिटांनी कामं बदलायची. सगळ्यात गप्प मुलाला आधी पाहण्याचं काम द्या, मग टिपण्याचं, आणि विचारायची पाळी आली तेव्हा आधीच लिहून ठेवलेला एकच प्रश्न. एका दिवसात एक प्रश्न विचारला तरी पुरे. त्याला एकदम मुलाखतकार करून 'भीती मोडायला' जाऊ नका. पहिलाच अनुभव फजितीचा झाला तर ते मूल पुढच्या बैठकीला येत नाही.

प्रश्नांवर आदल्या दिवशी अर्धा तास काम करा. 'धंदा कसा चाललाय?' याला उत्तर येतं, 'चाललाय बरा.' 'तुम्हाला काय वाटतं?' याला माणसं हसतात. उत्तरं निघतात ती ठोस प्रश्नांतून: पहाटे उठल्यावर पहिलं काम कोणतं करता? न खपलेली मेथी संध्याकाळी कुठे जाते? तराजू कधीपासूनचा? पाऊस आला तर आधी काय झाकता? सुरुवात कशी करायची तेही ठरवा: 'काका, आम्ही आमच्या हस्तलिखितासाठी बाजाराबद्दल लिहितोय. पाच मिनिटं बोलाल का? तुमचं नाव छापलं तर चालेल का?' समोरचा नाही म्हणाला तर 'बरं काका, धन्यवाद' म्हणून पुढे. नकाराचा सराव वर्गातच करून घ्या: मोठ्या माणसाने भाजीवाल्याचं सोंग घेऊन सरळ 'वेळ नाही' म्हणायचं आणि मुलाने शांतपणे पुढे जायचं. नकार ऐकूनही आपण उभे राहतो, हे एकदा कळलं की अर्धी भीती जाते.

गर्दीची वेळ टाळा. दुपारी दोन ते चार बाजार जरा निवांत असतो. पालकांची लेखी संमती आणि प्रत्येक दोन तुकड्यांमागे एक मोठं माणूस असायलाच हवं. त्या माणसाने दहा पावलं मागे उभं राहायचं. मध्ये बोलायचं नाही, प्रश्न पुरा करून द्यायचा नाही.

चौथी आणि पाचवी बैठक: कच्चा खर्डा आणि दुरुस्ती

ए-4 पानावर डावीकडे 4.5 सेंमी बांधणीची जागा, उजवीकडे 1.5 सेंमी, वर 2.5, खाली 2.7 सोडल्यावर 15 सेंमी रुंदीच्या 24 ओळी बसतात, ओळीत अंतर 1 सेंमी. ओळीला सरासरी सात शब्द धरले तर पानाला दीडशेच्या आसपास. म्हणजे प्रत्येकाला दोन पानांत तीनशे शब्द, चित्र टाकलं तर त्याहून कमी. हा आकडा मुलांना स्वतः काढू द्या. 'निबंध लिही' म्हटल्यावर घाबरणारं मूल 'तीनशे शब्दांची जागा भर' म्हटल्यावर कामाला लागतं, कारण कामाची हद्द दिसते.

लिहायला अडलेल्या मुलाला कोरा कागद पुढ्यात ठेवून बसवू नका. त्याने बोलायचं, जोडीदाराने जसंच्या तसं लिहायचं. मग ते वाचून दाखवायचं: 'हे तूच म्हणालास.' लिखाण आणि बोलणं यांतली भिंत इथे पडते.

भाषेबद्दल नीट ऐका, कारण आत्मविश्वास इथेच सगळ्यात जास्त मोडतो. घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोरमाटी बोलणाऱ्या मुलाचा पहिला खर्डा लाल शाईने भरला की ते पुढे सुरक्षित, मेलेली वाक्यं लिहितं. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. दुसऱ्यात फक्त जिथे अर्थ कळत नाही तिथे खूण करा. शुद्धलेखन तिसऱ्या खर्ड्यात, तेही मुद्रितशोधक जोडीने शब्दकोश उघडून. विक्रेत्याचं बोलणं आणि मुलाची घरची बोली जशी आहे तशी राहू द्या. कठीण शब्दाचा अर्थ पानाच्या तळाशी द्या. तो अर्थ सांगताना ते मूल बाकीच्यांचा शिक्षक असतं.

एकमेकांचं वाचून बोलण्याची पद्धतही ठरवून द्या. लिहिणारा वाचतो, बाकीचे तीन गोष्टी सांगतात: डोळ्यांसमोर काय राहिलं, कुठे गोंधळ झाला आणि आणखी काय विचारावंसं वाटतं. 'छान आहे' आणि 'बोअर आहे' हे दोन्ही बंद. एका लेखाला चार मिनिटं, घड्याळ लावून. लिहिणाऱ्याने त्या वेळात उत्तर द्यायचं नाही, फक्त टिपायचं. कोणती सूचना घ्यायची हे शेवटी त्यानेच ठरवायचं.

मोठ्यांच्या कौतुकालाही शिस्त हवी. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या 1998 च्या अभ्यासात, हुशार आहेस म्हणून वाखाणलेली मुलं पुढे अपयश आल्यावर लवकर हटली आणि मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली टिकून राहिली. म्हणून 'तू किती हुशार!' नको. 'तराजूच्या दोरीला गाठ मारलेली होती हे तू पाहिलंस, त्याने तो माणूस समोर उभा राहिला' असं नेमकं बोट ठेवून सांगा. असं सांगायचं तर लेख नीट वाचावा लागतो, आणि आपलं कुणी नीट वाचलं हे मुलाला लगेच कळतं.

एक गंभीर गोष्ट. मुलं मनापासून लिहू लागली की कधी कधी घरातला मार, भीती, अत्याचारही कागदावर येतो. तो लेख सगळ्यांसमोर वाचायला लावू नका. मुलाशी एकांतात, शांतपणे बोला आणि 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक आहे. तो पहिल्याच दिवशी भिंतीवर लावून ठेवा.

सहावी बैठक: सुंदर अक्षरात

कोरी बांधलेली वही आणून तिच्यात लिहायला सुरुवात करणं ही नेहमीची चूक. वहीत एका वेळी एकच जण लिहू शकतो, आणि एक पान बिघडलं की सगळ्यांचं बिघडतं. ज्याच्या हातून बिघडतं त्याचं काय होतं हे सांगायला नको. म्हणून सुटे कागद. बाराही जण एकाच वेळी लिहितात आणि चूक एका कागदापुरती राहते.

एका कागदावर मार्करने समास आणि 1 सेंमी अंतराच्या जाड काळ्या रेघा मारा. हा कागद खाली ठेवला की वरच्या 100 जीएसएम कागदातून रेघा दिसतात, पेन्सिलीची गरज नाही. खालचा कागद सरकतो, म्हणून दोन्हींना वर कागदी क्लिप लावा. देवनागरीला शिरोरेघ ओळीवर टेकते, अक्षर तिला लोंबतं. इंग्रजी वहीच्या सवयीने काही मुलं अक्षर खालच्या रेघेवर बसवतात आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. पहिल्या तीन ओळी रद्दी कागदावर करून घ्या.

सगळ्यांची अक्षरं सारखी करायला जाऊ नका. वाकडं पण वाचता येणारं अक्षर चालतं. फारच लागत नसेल तर अक्षरांचा आकार वाढवा आणि मजकूर कमी करा. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका.

चूक झालीच तर पांढरी शाई फासू नका, खिडकी-ठिगळ लावा. बिघडलेल्या ओळीखाली तसाच कोरा कागद ठेवा, दोन्ही क्लिपने घट्ट धरा आणि पोलादी पट्टी लावून चुकलेल्या मजकुराभोवती चौकोन ब्लेडने दोन्ही कागदांतून एकदम कापा. ब्लेड मोठ्यांच्या हातात. वरचा तुकडा काढून टाका. खालच्या कागदाचा तुकडा त्या खिडकीत केसभर फट न राहता बसतो, कारण तो त्याच कापाने निघालेला असतो. मागून पातळ खळीने कागदाची पट्टी चिकटवा, वजनाखाली ठेवा, वाळल्यावर बरोबर ओळ लिहा. हात फिरवला तरच जोड कळतो. हे पहिल्यांदा करताना सगळ्यांना गोळा करा. रडकुंडीला आलेलं मूल दहा मिनिटांत नवं तंत्र शिकलेलं मूल होतं, आणि मग बाकीचे त्याच्याकडे ठिगळ मागायला येतात.

सातवी बैठक: चित्रं, प्रती, बांधणी

चित्रं वेगळ्या जाड कागदावर काढून मगच पानावर चिकटवा. जलरंग थेट पातळ कागदावर लावले की पान फुगून वाकतं. खळ कडांनाच लावा. पूर्ण मागच्या बाजूला थापली की चित्र आणि पान दोन्ही सुरकुततात.

बांधण्यापूर्वी सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढा. शिवल्यावर अंक सपाट उघडत नाही आणि प्रती वाकड्या येतात. पंधरा संच: बारा मुलांना, उरलेले बाजारातल्या माणसांना.

मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ दोन्हींच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे: 3 सेंमीची उभी पट्टी आणि 17.8 सेंमीचा मोठा भाग, मध्ये 5 मिमी फट. दोन्हींवर एकच कापड चिकटवा. ही फट म्हणजे बिजागरी. ती विसरलात तर अंक उघडतच नाही. रात्रभर वजनाखाली वाळवा.

पानं ठोकून सरळ करा, वर-खाली मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ ठेवा, क्लिपा लावा. डाव्या कडेपासून 1.5 सेंमीवर पाच भोकांच्या खुणा: वरून 3 सेंमीवर पहिली, मग दर 6 सेंमीला एक. लाकडी फळीवर ठेवून मोठ्या माणसाने दाभणाने किंवा छोट्या ड्रिलने भोकं पाडावीत. शिवण मुलांची. दोऱ्याला मेण ओढा. भोकांना वरून खाली 1 ते 5 समजा. मधल्या 3 मधून खाली जा, वर दहा सेंमी शेपूट सोडा. 2 मधून वर, 1 मधून खाली, परत 2 मधून वर, 3 मधून खाली, 4 मधून वर, 5 मधून खाली, 4 मधून वर. दोरा आता 3 जवळ शेपटापाशी येतो, घट्ट गाठ मारा. प्रत्येक टाक्यानंतर दोरा ताणायचा. शेवटी एकदम ताणला तर वरचे टाके ढिलेच राहतात.

याच आठवड्यात मोठ्यांना एक मोह होतो: प्रकाशनाला पाहुणे येणार म्हणून रात्री बसून पानं 'जरा नीट' करण्याचा. कृपा करून करू नका. मुलाला स्वतःचं अक्षर ओळखता येतं. आपलं पान गुपचूप बदललं गेलं हे त्याला समजलं की आठ आठवड्यांचं काम एका रात्रीत उलटं होतं.

आठवी बैठक आणि प्रकाशन

शेवटची बैठक तालमीची. प्रत्येकाने आपल्या लेखातला एक मिनिटाचा तुकडा निवडायचा, शंभर-सव्वाशे शब्द. मोबाइलवरून नको, जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून. हात थरथरला तर पातळ कागद वाजतो आणि भीती वाढते. पुठ्ठा वाजत नाही. पहिलं वाक्य पाठ, बाकी वाचून. ऐकणारे पंधरा पावलांवर बसवा आणि 'ऐकू आलं' असं हात वर करून सांगू द्या. जोडीदार शेजारी उभा: अडलं तर त्याने पुढचं वाक्य वाचायचं आणि पुन्हा सोडायचं. ज्याला वाचायचंच नाही त्याला जबरदस्ती नको. तो अंकाच्या टेबलाशी उभा राहून येणाऱ्याला एकेक पान दाखवेल. तेही लोकांसमोरचंच काम आहे.

प्रकाशनाला बाजारातल्या त्या काका-मावशींना बोलवा आणि अंक त्यांच्याच हस्ते उघडा. पाहुण्यांची भाषणं मिळून पाच मिनिटं. मुलांनी वाचायच्या वेळेत भाषणं घुसू देऊ नका. 'उत्कृष्ट लेख', 'उत्कृष्ट चित्र' अशी बक्षिसं तर अजिबात नकोत. एकाला बक्षीस म्हणजे अकरा जणांना निकाल.

फरक पडला का हे पाहायचं तर मुलांना प्रश्नावली देऊ नका. त्यात ती तुम्हाला हवं तेच लिहितात. पहिल्या बैठकीपासून एक वही ठेवा आणि दर वेळी तीनच गोष्टी टिपा: न विचारता कोण बोललं, 'मला येत नाही, दाखव' असं कोण म्हणालं, दुसऱ्याला कुणी शिकवलं. मदत मागणं हेही वाढीचंच लक्षण आहे. घाबरलेलं मूल मदत मागत नाही, काम लपवतं.

मूळ अंक शाळेच्या कपाटात कुलुपात जाऊ देऊ नका. गावच्या सार्वजनिक वाचनालयात चर्चा करा आणि तो तिथे रीतसर दाखल करून घ्या. बाराही मुलांना बरोबर न्या. ग्रंथपाल दाखल नोंदवहीत नवी ओळ घेतील, पहिल्या पानावर शिक्का मारून क्रमांक घालतील. लेखकाच्या रकान्यात काय लिहायचं असं त्यांनी विचारलं की मुलांनाच उत्तर देऊ द्या.